ऐरोलीतल्या सर्व्हरचा पहारा आणि ४८ बिटांचा पत्ता

ठाणे-बेलापूर रस्त्याकाठच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात एकेकाळी रासायनिक कारखान्यांची वर्दळ होती. त्याच पट्ट्यात, ऐरोलीत, आज माइंडस्पेससारखी आयटी संकुले आणि डेटा सेंटर उभी आहेत. सर्व्हरवर नको असलेला ट्रॅफिक येऊ लागला की नवख्या अ‍ॅडमिनला एक उपाय हमखास सुचतो: त्रास देणाऱ्या यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता, म्हणजेच त्याचा मॅक अ‍ॅड्रेस फायरवॉलमध्ये टाकायचा आणि त्याला बंद करायचे. हा उपाय दिसतो तितका पक्का नाही, आणि त्याचे कारण या पत्त्याच्या जन्मकथेत आहे. यंत्रे एकमेकांपासून वेगळी ओळखता यावीत एवढ्यासाठी तो दिला गेला. पहाऱ्याचे काम त्याच्यावर नंतर लादले गेले.

इथरनेटची कल्पना १९७३ साली झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात निघाली. त्या पहिल्या जाळ्यातला पत्ता अवघ्या ८ बिटांचा होता, म्हणजे २५६ क्रमांकांत सगळा कारभार. पुढे झेरॉक्स, डिजिटल आणि इंटेल या कंपन्यांनी १९८० साली इथरनेटचे सामाईक मानक काढले, तेव्हा पत्ता ४८ बिटांचा झाला. तो का, याचे विवेचन १९८१ साली एका शोधनिबंधात आले. त्याच्या दोन लेखकांपैकी एक रॉबर्ट प्रिंटिस आणि दुसरे योगेन दलाल, पवईच्या आयआयटीचे १९७२ चे पदवीधर. डिसेंबर १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, टीसीपी या इंटरनेटच्या संदेशवहन-नियमांच्या पहिल्या तपशीलवार आराखड्यावरही विंट सर्फ आणि कार्ल सनशाइन यांच्यासोबत दलालांचे नाव आहे. पवईहून मुलुंड-ऐरोली पूल ओलांडला की आपण ज्या सर्व्हरखोल्यांपाशी पोचतो, त्यांतल्या प्रत्येक यंत्राच्या कार्डावर त्या निबंधातला विचार कोरलेला आहे, आणि हे मराठी वाचकाला ठाऊक असायला हवे. विचार असा, की यंत्र एका जाळ्यातून उचलून दुसऱ्यात नेले तरी त्याचा क्रमांक बदलू नये आणि जगात तो दुसऱ्या कुणाचा नसावा. पहिले २४ बिट उत्पादकाचे, उरलेले २४ त्या कार्डाचे. मात्र हा क्रमांक प्रत्येक फ्रेमवर, म्हणजे जाळ्यातून जाणाऱ्या डेटाच्या प्रत्येक तुकड्यावर, उघडपणे लिहिलेला असतो आणि तो खरा की खोटा हे कुणी तपासत नाही.

तरीही त्याचा पहारेकरी झाला. जानेवारी २००१ मध्ये लिनक्सचे २.४ कर्नल आले, त्यासोबत आयपीटेबल्स हे फायरवॉलचे साधन आले आणि पाठवणाऱ्याच्या मॅक अ‍ॅड्रेसवरून पॅकेट अडवणे एका ओळीचे काम झाले. त्याच सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईत केबलवाले इमारतींमधून लॅनची वायर ओढून इंटरनेट देऊ लागले होते. ग्राहकाच्या लॅन कार्डाचा मॅक नोंदवायचा आणि तेवढ्यालाच आत सोडायचे, ही त्यांची रीत. कार्ड बदलले की केबलवाल्याला फोन करावा लागे. यावर कुणी म्हणेल, की ती पद्धत वर्षानुवर्षे चालली, मग दोष कुठे? चालली, कारण बहुतेक ग्राहकांना ती मोडण्याची गरज नव्हती. पण घरगुती राउटरच्या सेटिंगमध्ये ‘मॅक क्लोन’ नावाचा, दुसऱ्या यंत्राचा मॅक स्वतःला लावण्याचा पर्याय राजरोस मिळू लागला. जे कुलूप उघडण्याची किल्ली दुकानदार खोक्यातच घालून देतो, त्याच्या भरवशावर घर सोडू नये.

ऐरोलीच्याच ठाणे-वाशी रेल्वेमार्गावरचे सानपाडा २००८ साली, जाळ्यात नेमके कोण शिरले याच प्रश्नामुळे, देशभर गाजले. २६ जुलैच्या अहमदाबाद बॉम्बस्फोटांसंबंधीची ई-मेल तिथल्या एका घराच्या वाय-फायवरून गेल्याचे तपासात निघाले. आयपी अ‍ॅड्रेसने पोलीस घरापर्यंत पोचले. ई-मेल पाठवणारा मात्र घरातला नव्हता. त्यानंतर वाय-फाय सुरक्षित करण्याच्या सल्ल्यांची रीघ लागली आणि त्यांत मॅक फिल्टरही असे. पण वाय-फायवर मजकूर कूटबद्ध असला तरी मॅक अ‍ॅड्रेस उघडाच फिरतो. परवानगी असलेला एक पत्ता हवेतून टिपायचा आणि स्वतःला लावायचा, एवढेच काम उरते.

सर्व्हरच्या बाबतीत अडचण आणखी मूलभूत आहे. मॅक अ‍ॅड्रेस पहिल्या राउटरपलीकडे जातच नाही. नाशिकहून किंवा न्यूयॉर्कहून ऐरोलीत आलेल्या प्रत्येक पॅकेटवर सर्व्हरला दिसतो तो आपल्याच गेटवेचा मॅक; तो अडवला तर सगळे जग बंद. एकाच स्विचवरच्या यंत्रांपुरते हे हत्यार उपयोगी आहे, हा आक्षेप रास्त आहे. बिघडलेला शेजारी सर्व्हर तात्पुरता गप्प करायला किंवा कुठले यंत्र कुठे जोडले आहे याची नोंद ठेवायला ते जरूर वापरावे. पण आता अँड्रॉइड १० पासून आणि आयओएस १४ पासून फोन स्वतःच प्रत्येक वाय-फायला बनावट पत्ता देतात, तेव्हा ही नोंदही अपुरी पडते. ऐरोलीच्या सोसायट्यांत आणि कचेऱ्यांत जाळे सांभाळणाऱ्यांना म्हणूनच विनंती आहे: मॅकची यादी ठेवा, पण दार राखायला सशक्त पासवर्ड, प्रमाणपत्रे आणि जोडणाऱ्याची ओळख तपासणारी ८०२.१एक्स पद्धत वापरा.