कनकापूरचा तह आणि वाशीमचं कापड

मागच्या रविवारी सकाळी सकाळी वाशीमहून मामेबहिणीचा फोन. ती एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. 'दादा, निगोशिएशन प्लॅन करून द्यायचाय. दहा मार्क आहेत. तुमच्या आयटीत क्लायंटसोबत तर रोजच घासाघीस असते ना?'

आता रोज घासाघीस करणारे लोक वेगळे आणि ठरलेल्या तारखेपर्यंत कोड लिहून मरणारे वेगळे, हे तिला कोण सांगणार :) तरी म्हटलं पाठव.

बार काउन्सिलच्या 2008 च्या नियमांपासून कायद्याच्या मुलांना कोर्टाबाहेर वाद मिटवण्याचा पेपर सक्तीचा आहे. त्यात वाटाघाटीही येतात. हिला मिळालेली केस अशी: एका शेतकऱ्याची दहा एकर जमीन सोलर कंपनीला भाड्यानं हवी आहे, आणि ही शेतकऱ्याची वकील. तिनं बारा पानं लिहिली होती. त्यात मागण्याच मागण्या. भाडं इतकं, आगाऊ इतकं, मुलाला नोकरी, विहिरीचं पाणी आमचंच. वाचून वाटलं की समोरचा माणूस ह्यात कुठेच नाही.

तिला म्हटलं, ही बारा पानं ठेव बाजूला, तुझ्याच गावाचं नाव असलेला एक तह सांगतो. 1769 चा, कनकापूरचा. थोरले माधवराव पेशवे एका बाजूला, नागपूरकर जानोजी भोसले दुसऱ्या बाजूला.

आधीची भानगड थोडक्यात. 1763 मध्ये जानोजी निजामाच्या बाजूनं होते आणि त्यांच्या फौजांनी पुणं लुटलं, जाळलं. मग पेशव्यांनी 32 लाख उत्पन्नाचा मुलूख कबूल करून त्यांना फोडलं, आणि ऑगस्टमध्ये राक्षसभुवनला निजामाचा पराभव झाला. हा सौदा माधवरावांच्या मनात सलत राहिला. 1766 मध्ये त्यांनी चक्क निजामालाच सोबत घेऊन 24 लाखांचा मुलूख परत काढून घेतला. पुढे 1768 मध्ये राघोबादादांनी बंड केलं तेव्हा जानोजी परत दादांच्या बाजूला. धोडपला दादा हरले, शनिवारवाड्यात नजरकैदेत पडले, आणि पेशव्यांची फौज वऱ्हाडात शिरली.

इथून पुढचं मला फार आवडतं. पेशव्यांनी नागपूर लुटलं, चांद्याला म्हणजे आजच्या चंद्रपूरला वेढा घातला. जानोजींनी समोरासमोर लढाई दिलीच नाही. हुलकावण्या देत ते पश्चिमेला निघाले ते थेट पुण्याच्या रोखानं! पुण्यात पळापळ. आणि पुण्यात कोण होतं? कैदेतले राघोबादादा. ते सुटले असते तर धोडपची सगळी मेहनत पाण्यात.

म्हणजे कमजोर बाजूकडेही एक पत्ता होता. फिशर आणि युरी ह्या हार्वर्डवाल्यांनी 1981 साली 'गेटिंग टू येस' लिहिलं, त्यात ते म्हणतात की बोलणी फिसकटली तर तुमच्याकडे सगळ्यात बरा पर्याय कोणता, ते टेबलावर बसायच्या आधी ठरवा. त्याला ते 'बाटना' म्हणतात. जानोजींचा बाटना म्हणजे घोडदौड. पेशव्यांचा बाटना म्हणजे लांबणारा वेढा आणि उघडं पडलेलं पुणं. मोठ्या फौजेचा पर्याय दर आठवड्याला महाग होत होता. आणि भोसल्यांचे कारभारी देवाजीपंत चोरघडे काही साधे गृहस्थ नव्हते, साडेतीन शहाण्यांमधले एक पूर्ण शहाणे!

मग तह झाला. मी तिला कलमं वाचून दाखवली. 1763 च्या मुलखातला उरलेला 8 लाखांचा भाग परत. दरसाल पाच लाख एक रुपये, पाच हप्त्यांत. पेशव्यांच्या परवानगीशिवाय फौज वाढवायची नाही, कमी करायची नाही. दिल्लीचा बादशहा, अयोध्येचा नवाब, रोहिले, इंग्रज, निजाम ह्यांच्याशी परस्पर राजकारण करायचं नाही.

ती म्हणाली, 'दादा, काय मांगून ऱ्हायले ते समजलं. पन काहून मांगून ऱ्हायले?'

अगदी हाच प्रश्न! पुस्तकात ह्यावर एक आख्खं प्रकरण आहे, हिनं एका वाक्यात विचारला. पेशव्यांना पैसा हवा होता हे खरं. पण खरी भीती अशी की आपण दुसरीकडे गुंतलो की नागपूर पाठीत वार करेल. त्याच वर्षी रामचंद्र गणेश आणि विसाजी कृष्ण ह्यांना मोठी फौज देऊन हिंदुस्थानात पाठवायचं होतं. दक्षिणेत हैदर होताच. फौज आणि पत्रव्यवहाराची कलमं त्या भीतीपोटी आली.

आता उलट बाजू बघा. भोसल्यांच्या हातात काय पडलं? एक, हिंदुस्थानात जाणारी पेशव्यांची फौज नेहमीची वाट सोडून भोसल्यांच्या मुलखातून जाणार नाही. दोन, जानोजींच्या भाऊबंदांच्या दाव्यांना पेशवे दाद देणार नाहीत. पैशात मोजायला गेलं तर ही दोन्ही कलमं शून्य रुपयांची. पण जानोजींना मूलबाळ नव्हतं आणि मुधोजी, साबाजी हे भाऊ टपलेले होते. पुढे 1772 मध्ये मुधोजींच्या मुलाला दत्तक घ्यायची संमती मागायला जानोजी थेऊरला गेले. त्याच वर्षी ते वारले, माधवरावही वारले, आणि दोघे भाऊ एकमेकांवर तुटून पडले. 1775 च्या जानेवारीत पाचगावच्या लढाईत मुधोजींनी साबाजींना गोळी घातली. ते शून्य रुपयांचं कलम किती मोलाचं होतं ते असं दिसलं. माझ्या मते देवाजीपंतांच्या बाजूनं तह इतकाही वाईट नव्हता. हरलेल्यानं मागावं काय, तर समोरच्याला स्वस्त पडेल आणि आपल्याला महाग असेल ते.

आणि आता वाशीम. भोसल्यांनी पेशव्यांना दरसाल वाशीम आणि बाळापूर इथं तयार होणारं पाच हजार रुपयांचं कापड द्यायचं, असंही एक कलम आहे. रोख खंडणीच्या जेमतेम एक टक्का. पण गावाचं नाव घालून मागितलंय! आपल्याकडे वाशीम म्हटलं की वाकाटकांचं वत्सगुल्म, नाहीतर भवानी काळूंनी बांधलेलं बालाजीचं मंदिर. पुण्याच्या दरबारात नाव काढून मागवावं असं कापड इथल्या मागांवर निघत होतं हे मला कॉलेजला असेपर्यंत माहीत नव्हतं. जिल्हा 1998 साली अकोल्यातून वेगळा झाला तेव्हा मी पाटीवर गिरवायच्याही वयाचा नव्हतो, असो.

मला वाटलं बहीण खूश होईल. ती गप्प. मग म्हणाली, 'विणनाऱ्याला कोणी इचारलं का?'

नाही विचारलं. बोलणी करणारे छावणीत आणि कोष्टी वाशीमात. कापड कोणी, कोणत्या दरानं घ्यायचं हे दोन दरबारांमध्ये ठरलं.

'अन् पाच हजाराचं म्हन्जे वाशीमच्या भावानं का पुन्याच्या भावानं?'

हे मात्र मला सुचलं नव्हतं. वऱ्हाडातून पुण्याला जाईपर्यंत वाहतूक, जकात धरून तेच लुगडं बरंच महाग होणार. वाशीमचा भाव धरला तर कापड जास्त द्यावं लागणार, पुण्याचा धरला तर कमी. एक शब्द इकडचा तिकडे, की दरवर्षी गाठोड्यांचा फरक.

संध्याकाळी तिनं नवा प्लॅन पाठवला. बारा पानांची चार झाली होती. पहिल्या पानावर कंपनीला काय हवंय आणि काहून हवंय. दुसऱ्यावर शेतकऱ्यानं नाही म्हटलं तर त्याच्याकडे काय उरतं, म्हणजे सोयाबीन, तूर आणि पाऊस. तिसऱ्यावर टेबलाशी न बसलेले लोक: बटाईनं तीच जमीन कसणारा माणूस, आणि जिच्या वावरात त्या जमिनीतून वाट जाते ती शेजारीण. हे दोघं बारा पानांत कुठेही नव्हते. चौथ्या पानावर भाडं. आकड्याच्या खाली पेनानं लिहिलेलं: 'भाव कोणत्या वर्षाचा? दरसाल वाढ कशी मोजायची? कोण मोजणार?'