यात्रेकरू, शिकारी आणि पर्यटक : मराठवाड्याच्या जंगलवाटांचा एक हिशेब

महाराष्ट्रात सहा राष्ट्रीय उद्याने आहेत : ताडोबा, नवेगाव, पेंच, गुगामल, बोरिवलीचे संजय गांधी उद्यान आणि चांदोली. पहिली चार विदर्भात, उरलेली दोन सह्याद्रीच्या अंगाला. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत एकही नाही. लातूर जिल्ह्यात तर वनाच्छादन एकूण क्षेत्राच्या एक टक्क्यालाही पोहोचत नाही. लातूरचा मुलगा जंगल हा शब्द पुस्तकात शिकतो आणि वाघ पाहायचा तर चंद्रपूरची वाट धरतो. नांदेडचे त्या मानाने बरे आहे. किनवट आणि माहूर हे दोन तालुके अजून सागाच्या सावलीत आहेत आणि नांदेड-यवतमाळ या दोन जिल्ह्यांत मिळून पैनगंगा अभयारण्य आहे. पण नांदेड शहरात दहा जणांना विचारून पाहा, त्यातल्या सहा-सात जणांना या अभयारण्याचे नावही ठाऊक नसते.

राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्ये अधिकाधिक लोकांसाठी खुली कशी करता येतील, याची चर्चा अलीकडे होऊ लागली आहे. अपंगांसाठी उतार हवेत, बायकांसाठी स्वच्छतागृहे हवीत, शाळांना सवलत हवी. हे सगळे हवेच. पण या चर्चेत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. जंगल म्हणजे आजवर कुणी न पाहिलेली जागा, आणि आता आपण दार उघडून लोकांना आत बोलावणार आहोत, अशी ती समजूत. आमच्या भागाचा इतिहास पाहिला तर घडले ते उलट. लोक आतच होते, दार नंतर बसवले गेले. ते कसे बसवले गेले, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे. मी विद्यापीठाचा माणूस नाही. गॅझेटिअर, जुनी वृत्ते आणि पायी फिरणे एवढ्या भांडवलावर हे लिहितो आहे.

माहूरपासूनच सुरुवात करू. रेणुकामातेचे ठाणे साडेतीन शक्तिपीठांपैकी एक. शेजारच्या शिखरांवर दत्त आणि अनसूया. त्याच डोंगरांत सोनापीर बाबांचा दर्गा आहे, पांडवलेणी आहेत, आणि वझऱ्याचा धबधबा शेख फरीद यांच्या नावाने ओळखला जातो. किनवटकडे उनकेश्वरला गरम पाण्याचे झरे आहेत. पैनगंगेवर इस्लापूरजवळ सहस्रकुंड आहे, तिथे महादेव आहे. नवरात्रात, दत्तजयंतीला, उरुसाला माणसे या रानातून शतकानुशतके चालत आली. त्यांत ब्राह्मण होते, लमाण होते, महार-मांग होते, मुसलमान होते, गोंड-कोलाम-आंध तर घरचेच. गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर कुणाला अडवत, कुणाला नाही, हा इतिहास कडू आहे आणि तो मी झाकू इच्छित नाही. पण तिथवरच्या रानवाटेला तिकीट नव्हते. जंगल पाहायला म्हणून कुणी येत नसे हे खरे. देवाला येताना मात्र ते जंगलातूनच येत, त्यातच मुक्काम करत, त्यातलेच पाणी पीत. याला भेट म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे?

किनवट तेव्हा नांदेड जिल्ह्यात नव्हते. हैदराबाद संस्थानच्या आदिलाबाद जिल्ह्यात होते, ते १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नांदेडला आले. ही गोष्ट लक्षात घेतली नाही तर किनवटच्या जंगलाचा इतिहास कळत नाही, कारण तो नांदेडच्या नव्हे तर आदिलाबादच्या इतिहासाचा भाग आहे. संस्थानात जंगलाचे दोन उपयोग होते. एक लाकूड, दुसरा शिकार. आज तेलंगणात अभयारण्य म्हणून मिरवणारे पोचारम हे निजामाचे शिकारीचे रान होते. राखीव जंगलाच्या रेषा आखल्या गेल्या त्या कित्येक ठिकाणी गोंडांच्या गावांना अगदी खेटून. पडीक ठेवलेली शेतेही त्यात गेली. त्या समाजात जमीन काही वर्षे कसून काही वर्षे मोकळी सोडण्याची रीत होती. सरकारी नकाशाला ती मोकळी जमीन जंगल वाटली. चराईला पट्टी, लाकडाला पट्टी, आणि पट्टी न देणाऱ्याला चौकीदाराचा दांडा.

याचा स्फोट १९४० मध्ये झाला. कोमराम भीम जोडेघाटला संस्थानच्या पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. त्याच्या नावाशी जोडलेली ‘जल, जंगल, जमीन’ ही घोषणा आता देशभर झाली आहे. बंड मोडल्यावर संस्थानला प्रश्न पडला की हे लोक भडकले का, आणि उत्तर शोधायला ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ यांना पाठवण्यात आले. त्यांनी राजगोंडांवर लिहिलेला ग्रंथ १९४८ मध्ये निघाला. त्यातली एक नोंद मला या विषयासाठी फार मोलाची वाटते. गोंड लोक कोलामांना ‘पुजारी’ म्हणतात. डोंगराचे, रानाचे, हद्दीचे देव कोलामांचेच ऐकतात अशी समजूत असल्याने गोंडसुद्धा त्या देवांची पूजा कोलामाच्या हातून करवून घेतात. म्हणजे ज्या समाजाकडे आज सरकारी भाषेत ‘आदिम जमात’ म्हणून पाहिले जाते, तो या जंगलात यजमानाच्या जागी होता. बाकी सारे पाहुणे.

आता जंगल जरा बाजूला ठेवून देवगिरीकडे वळतो, कारण मराठवाड्यातल्या ‘पर्यटका’ची सर्वांत प्रामाणिक हकीकत तिथे घडली आहे. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तीसेक सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेतल्या गावांत शक्यतो ओळख न सांगता जायचे असे ठरले होते. महाडच्या चवदार तळ्याला सात वर्षे झाली होती, तरी निजामाच्या मुलखात ही खबरदारी घ्यावी लागत होती. दौलताबादला पोहोचले तेव्हा सगळे धुळीने माखलेले. किल्ल्याच्या दाराबाहेर पाण्याने भरलेला हौद होता, त्यात त्यांनी हातपाय-तोंड धुतले. एवढ्यात एक वृद्ध मुसलमान गृहस्थ ओरडत आले की हौद बाटवला. रमजानचा महिना होता. जमाव जमला, प्रकरण हातघाईवर येता येता राहिले. शेवटी किल्ला पाहायची परवानगी मिळाली ती एका अटीवर : आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. लक्ष ठेवायला हत्यारबंद शिपाई बरोबर दिला गेला. बाबासाहेबांनी ही हकीकत लिहून ठेवली ती ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या आत्मकथनात. हिंदूंना जो अस्पृश्य तो इतरांनाही अस्पृश्यच ठरतो, हा त्यांचा मुद्दा होता. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्या तीस जणांना प्रवेश मिळाला होता, कागदोपत्री ते किल्ला पाहून आले. प्रवेश आणि स्वागत यांच्यातले अंतर मोजायचे तर तो शिपाई आठवावा.

हे काही आपल्याकडेच घडत होते असे नाही. अमेरिकेने १८७२ मध्ये यलोस्टोन राखून जगाला राष्ट्रीय उद्यानाची कल्पना दिली. त्याच अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात शेनन्डोआ उद्यान उभे राहिले ते १९३० च्या दशकात. त्यासाठी शेकडो डोंगरी कुटुंबे उठवली गेली, आणि उद्यान खुले झाल्यावर काळ्या पर्यटकांसाठी १९३९ मध्ये लुईस माउंटन नावाचा वेगळा तळ काढण्यात आला. फलकावर तसे लिहिलेलेही होते. ही विभागणी महायुद्धानंतर टप्प्याटप्प्याने मोडीत निघाली, पूर्ण संपायला १९५० उजाडले. शेनन्डोआचे उदाहरण मी मुद्दाम घेतो. तिथे राहणाऱ्याला बाहेर काढणे आणि येणाऱ्यांत निवड करणे ही दोन्ही कामे एकाच उद्यानाने केली. आपण या दोन गोष्टी दोन वेगळ्या विषयांत टाकतो. पहिली ‘पुनर्वसन’ खात्यात जाते, दुसरी ‘पर्यटन’ खात्यात.

ताडोबाकडे पाहिले की त्या परत एकत्र येतात. १९५५ मध्ये ताडोबा राष्ट्रीय उद्यान झाले तेव्हा चांदा जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता. उद्यानाचे क्षेत्र ११६.५५ चौरस किलोमीटर. पुढे १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य झाले आणि १९९५ पर्यंत दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प. नाव कुणाचे? तारू नावाच्या गोंड गावप्रमुखाचे. वाघाशी झुंजताना तो मेला आणि देव झाला अशी कथा आहे. तळ्याकाठी त्याचे ठाणे आहे, तिथे पौषात आदिवासींची जत्रा भरत असे. पुढे जत्रेवर निर्बंध आले. आत असलेली कोळसा, बोटेझरी, जामणी, नवेगाव ही गावे एकेक करून हलवली गेली. वाघासाठी मोकळी जागा लागते हे मला मान्य आहे. गावे हलल्यावर त्या भागात गवत आणि वन्यप्राणी वाढतात हेही खरे. पण ज्याच्या नावाने उद्यान ओळखले जाते त्याचे भक्त बाहेर आणि जिप्सीतला कॅमेरा आत, या चित्राची वाघाशी सांगड घालता येत नाही.

हे चित्र केवळ अधिकाऱ्यांच्या मर्जीने झाले नाही, त्याचे मूळ कायद्याच्या शब्दांत आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा कलम २८ मध्ये अभयारण्यात शिरण्याचा परवाना कोणत्या कारणांसाठी देता येईल ते सांगतो : वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन, आणि आत राहणाऱ्या माणसाशी कायदेशीर व्यवहार. राष्ट्रीय उद्यानांनाही हेच कलम लागू आहे. ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा दोनदा वाचली. तीत पूजा नाही. नवस नाही, जत्रा नाही, पूर्वजाच्या दगडाला शेंदूर लावणे नाही. माहूरच्या वाटेवर हजार वर्षे ज्या कारणाने माणसे रानात शिरली ते कारणच यादीत नाही, आणि शंभर वर्षांपूर्वी ज्या कारणाने कुणी शिरत नव्हते ते पर्यटन आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने परंपरेने चालत आलेले हक्क मान्य केले, त्यात अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्यानेही धरली. शिकार तेवढी वगळली. म्हणजे कोलामांच्या देवाकडे जाण्याला आज कायद्याचा आधार मागता येतो. पण तो मागायला ग्रामसभेचा ठराव लागतो, पुरावे लागतात, उपविभागीय समितीचे उंबरठे झिजवावे लागतात. पर्यटकाला मोबाइल पुरतो.

अर्थात त्याला मोबाइलबरोबर पैसेही लागतात. सहा जणांची जिप्सी, प्रवेशशुल्क, मार्गदर्शकाचे मानधन, कॅमेऱ्याचे पैसे, वर राहणे-खाणे. उदगीर-अहमदपूरकडच्या ऊसतोड किंवा शेतमजूर कुटुंबाने हा हिशेब मांडावा अशी अपेक्षाच नसते. काही वर्षांपूर्वी लातूरच्या सात-आठ निवृत्त शिक्षकांबरोबर मी एका व्याघ्रप्रकल्पात गेलो होतो. नाव सांगत नाही. त्यातल्या एका सरांचा पाय पोलिओने गेलेला. जिप्सीची पादानी त्यांच्या मांडीइतकी उंच. फाटकावरच्या कारकुनाने तिकिटे तपासली, ओळखपत्रे जुळवली, आणि मग सरांकडे बघून ‘यांचं तुम्ही बघा’ एवढेच म्हणाला. जवळच्या चहाच्या टपरीवरच्या बाईने प्लास्टिकचे स्टूल आणून दिले. सर वर चढले, सकाळभर फिरलो, वाघ दिसला नाही, रानकुत्रे दिसले. सरांना त्याचाच आनंद. उतरल्यावर त्यांनी स्टूल स्वतः नेऊन दिले आणि बाईला विचारले, ‘ताई, तुम्ही कधी आत गेलात का?’ बाई म्हणाल्या, ‘लग्नाआधी रोज जायचे. मोहं वेचायला.’

सगळीकडे असेच आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. ताडोबात आता गावातल्या बाया मार्गदर्शक म्हणून काम करतात, हा बदल मोठा आहे. बोरिवलीचे उद्यान तर माझ्या मते राज्यातले सर्वांत लोकांचे उद्यान आहे : लोकलने उतरा, थोडे तिकीट काढा, डबा घेऊन बसा, कान्हेरीची लेणी चढा, महाशिवरात्रीला गर्दी बघा. जाणकार त्याला नाके मुरडतात. पण कामगारवस्तीतल्या लाखो मुलांनी पहिले हरीण तिथेच पाहिले असणार. तिथल्या आदिवासी पाड्यांचा प्रश्न मात्र तिथेही न्यायालयाच्या पायऱ्या चढून बसला आहे.

तेव्हा पैनगंगा. या अभयारण्यात अजून गर्दी नाही. रिसॉर्ट नाहीत, जिप्स्यांच्या रांगा नाहीत. फाटक अजून पक्के बसलेले नाही असे म्हणू. २०१९ मध्ये टिपेश्वरचा रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण वाघ आदिलाबादकडून नांदेड, हिंगोली करत थेट बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. या रानांच्या वाटा अजून एकमेकींना जोडलेल्या आहेत हे त्याने दाखवून दिले. त्याच्या मागोमाग पर्यटनाच्या योजनाही येतील, आणि त्या आल्या तर मला विरोध करायचा नाही. मुदखेड-आदिलाबाद हा निजामाच्या काळातला रेल्वेमार्ग आजही चालू आहे. त्यावर किनवट आहे आणि चक्क सहस्रकुंड नावाचे स्थानक आहे. लातूरच्या शाळेला जिप्सी परवडत नसेल, पण एस.टी. आणि पॅसेंजर परवडेल. तिथून पायी नेणारा, पक्षी आणि झाडे ओळखून देणारा माणूस शेजारच्याच गावचा असावा. वाटेवरच्या पाट्या मराठीबरोबर गोंडी, कोलामी, गोरबोली आणि तेलुगूतही असाव्यात. एक तरी वाहन असे असावे की त्यात चाकाच्या खुर्चीतला माणूस उचलून टाकावा लागणार नाही. नवरात्र आणि पौषातले देवाचे दिवस आधी ठरवून, त्या दिवसांचे नियम वनखाते आणि ग्रामसभा यांनी एकत्र बसून लिहावेत.

गेल्या हिवाळ्यात किनवट तालुक्यातल्या एका कोलाम पाड्यावर मी कलम २८ मधली ती यादी मराठीत वाचून दाखवली. पाड्याचे वृद्ध पुजारी पाचही कारणे शांतपणे ऐकून घेत होते. मग त्यांनी विचारले की यातले मी कोणते सांगायचे. बरोबरच्या तरुणाने सुचवले, ‘बाबा, तुम्ही संशोधन सांगा.’ सगळे हसले. बाबांनी मात्र माझ्या वहीकडे बोट करून विचारले, ‘हे लिहून घेणारे येतात, त्यांचं काय असतं?’ मी म्हणालो, ‘तेच, संशोधन.’ मग त्यांनी देवाचा दिवस कोणता, कोण कोण येते, कोणत्या गावचा मान पहिला, कोणत्या वाटेने चढायचे आणि कुठल्या झऱ्यापाशी चपला काढायच्या, हे सगळे सांगितले. ते मी लिहून घेतले आहे.