फोडणीच्या भाताआधीचे ११ तास

हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला आलेल्या कुठल्याही गटावर ही वेळ येऊ शकते. ऑक्टोबरचा शनिवार, बारा जण आणि एक मोठं पातेलं.

रात्री ८. चुलीवर भात रटरटतोय. तांदळाबरोबर शेतातल्या मातीतले बॅसिलस सेरियस हे जिवाणूही आलेत. उकळीत ते मरतात; त्यांचे बीजाणू मात्र तग धरतात.

रात्री ९. गरम भात, आमटी, भाजलेला पापड. या ताटात धोका नाही. निम्मा भात उरतो. ‘राहू दे, सकाळी फोडणी देऊ.’ अन्न टाकायला आपला हात धजत नाही, आणि त्यात गैर काहीच नाही. पण मग शिजवतानाच मोजून शिजवायला हवं.

रात्री ११. पातेल्यावर झाकण, झाकणावर दगड. बाहेर गारवा आहे, कडेचा भातही निवलाय; मधला गोळा मात्र अजून कोमट, ओलसर. बीजाणू रुजतात ते तिथेच. शिजवलेलं अन्न दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नका, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ती मुदत संपली. भात टाकायचा तर आत्ताच.

पहाटे २. सगळे गाढ झोपेत. पातेल्यात जिवाणू वाढताहेत आणि सेर्युलाइड नावाचं विष तयार होतंय.

सकाळी ७. भाताला वास नाही, तार नाही. कांदा, मिरची, हळद, शेंगदाणे. चांगली वाफ येईपर्यंत परततात. घात होतो तो इथे. परतल्याने जिवाणू मरतात, विष जात नाही. १२० अंशांनाही ते टिकतं. सॅकमध्ये भाकरी, चिवडा, शेंगदाण्याची कोरडी चटणी तशीच पडून आहे.

सकाळी ८. तोलार खिंडीच्या वाटेने उतरायला सुरुवात.

सकाळी १०. एकाला उलटी होते. पाठोपाठ आणखी तिघांना. घरी असते तर बहुतेक जण दिवसभरात सावरले असते. इथे खाली रेलिंग लावलेला कातळटप्पा आहे, पाय लटपटताहेत, पाणी संपत आलंय. अशा माणसाला कातळावर उतरवू नका. सावलीत बसवा, ओआरएस घोट घोट पाजा. ते नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. ठणठणीत असलेल्या दोघांनी खिरेश्वर गाठून मदत आणावी, आणि बाकीच्यांनी आजाऱ्यांजवळून हलू नये.