सॅव्हिल, जेनी

(७ मे १९७० – ). समकालीन ब्रिटिश चित्रकर्ती. स्त्रीच्या नग्न देहाची अतिभव्य तैलचित्रे ही त्यांची ओळख. जन्म इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे. १९८८ ते १९९२ या काळात त्यांनी ग्लासगो स्कूल ऑफ आर्ट येथे शिक्षण घेतले. मधल्या काळात शिष्यवृत्तीवर त्या काही महिने अमेरिकेतील सिनसिनाटी येथे होत्या. तिथे पाहिलेल्या धिप्पाड, स्थूल बायका पुढे त्यांच्या कॅनव्हासवर आल्या.

शिक्षण संपताना प्रदर्शनात मांडलेले ‘प्रॉप्ड’ (१९९२) हे चित्र सुमारे सात फूट उंच आहे. अरुंद, उंच स्टुलावर एक स्थूल स्त्री जेमतेम तोल सांभाळून बसली आहे. पायांत पांढऱ्या सपाता. बोटे स्वतःच्याच मांड्यांत रुतलेली. गुडघे पाहणाऱ्याच्या अंगावर येतात आणि मागे कललेला चेहरा पार वर, चित्राच्या कडेशी राहतो. ओल्या रंगात ओरखडून लिहिलेली अक्षरे उलटी आहेत. हा मजकूर फ्रान्समधील स्त्रीवादी विचारवंत ल्यूस इरिगारे यांच्या लेखनावरून घेतलेला. त्या प्रदर्शनात चित्रासमोर आरसा टांगला होता. मजकूर वाचायचा तर चित्राकडे पाठ करून आरशात पाहावे लागे आणि मग त्या स्त्रीच्या बरोबरीने स्वतःचे रूपही दिसे. नग्नचित्र निवांत न्याहाळण्याची प्रेक्षकाची शतकानुशतकांची सवय इथे मोडते.

‘ब्रँडेड’ (१९९२) मध्ये स्त्रीच्या अंगावर ‘नाजूक’, ‘शोभिवंत’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द कोरले आहेत. ‘प्लॅन’ (१९९३) मधील देहावर नकाशातल्या समोच्च रेषांसारख्या रेषा आहेत. चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी त्वचेवर अशाच खुणा करतात. या चित्रांसाठी सॅव्हिल यांनी स्वतःचाच देह व चेहरा वापरला. चितारणारी आणि चितारलेली स्त्री एकच, हे या कामाचे खरे बळ होय. १९९४ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांनी सौंदर्यशस्त्रक्रिया प्रत्यक्ष उभे राहून पाहिल्या.

रुबेन्स, टिशियन, लुसियन फ्रॉइड आणि डी कूनिंग यांचे संस्कार त्यांच्या रंगलेपनावर दिसतात. जाड, ओढलेल्या फटकाऱ्यांतून गुलाबी, निळसर, करडे मांस उभे राहते. या चित्रांत स्त्रीदेहाची किळस आहे, असा आक्षेप काहींनी घेतला; तो पटण्यासारखा नाही. किळस असती तर सुरकुती, वळी आणि डाग यांवर कुंचला एवढ्या मायेने रेंगाळला नसता. ‘द मदर्स’ (२०११) मध्ये तान्ह्या बाळांना सावरणारी आई पाहिली, की हे लगेच उमगते.

१९९७ साली लंडनच्या रॉयल अकॅडमीतील ‘सेन्सेशन’ प्रदर्शनाने त्यांचे नाव सर्वदूर गेले. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘प्रॉप्ड’ सदबीज या लिलावगृहात सुमारे ९५ लाख पौंडांना विकले गेले. हयात स्त्री-कलावंताच्या कलाकृतीला लिलावात मिळालेली ती तोवरची सर्वाधिक किंमत होती. २०२५ मध्ये लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत त्यांचे मोठे प्रदर्शन भरले. छापील पानावर ही चित्रे फारच लहान होतात; संधी मिळेल तेव्हा ती समोर उभे राहूनच पाहावीत.