जॉन बुलचे पोट

परप्रांतात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना एक अनुभव चांगला परिचयाचा असतो. शेजाऱ्यांच्या दृष्टीने आपण आधी 'मराठी लोक' असतो. आपले नाव, स्वभाव व व्यवसाय मागाहून येतात. आपणही शेजाऱ्यांविषयी अशीच ठोकळ चित्रे मनात बाळगीत असतो. अमक्या प्रांताचे लोक आडदांड, तमक्या प्रांताचे किडकिडीत, आणि सावकार म्हटला की त्याचे पोट सुटलेलेच! अशा चित्रांत शरीर प्रथम येते आणि त्याच्या आधारे स्वभाव ठरविला जातो. ही चित्रे घडतात कशी, कोणाच्या उपयोगी पडतात आणि पालटतात कशी, हे पाहावयाचे तर ज्या राष्ट्राने आपली प्रतिमा एका लठ्ठ गृहस्थाच्या रूपाने रंगविली, त्या इंग्लंडचा इतिहास चाळणे उद्बोधक ठरेल.

हा गृहस्थ म्हणजे जॉन बुल. राणी ॲनच्या पदरी असलेल्या जॉन आर्बथनॉट या वैद्याने १७१२ साली स्पेनच्या वारसायुद्धावर उपरोधिक पुस्तिका लिहिल्या, त्यांत हे पात्र कापडाच्या व्यापाऱ्याच्या रूपाने अवतरले. पुढे चित्रकारांनी त्याला तुंदिलतनू, लालबुंद चेहऱ्याचा आणि गोमांसावर ताव मारणारा केले. १७४८ साली विल्यम होगार्थ हा चित्रकार फ्रान्समधील कॅले येथे वेशीचे रेखाटन करीत असता हेर समजून पकडला गेला. परतल्यावर त्याने जे चित्र रंगविले, त्यात इंग्रजी खाणावळीकडे चाललेला मांसाचा प्रचंड तुकडा आणि त्याकडे आशाळभूतपणे पाहणारे कृश फ्रेंच शिपाई आहेत. त्या चित्रात गुबगुबीत असा फ्रेंच एकच, आणि तो म्हणजे मांसाला बोट लावून पाहणारा धर्मगुरू. त्यातला अर्थ त्या काळच्या प्रेक्षकाला समजावून सांगावा लागत नसे : जेथे प्रजा स्वतंत्र तेथे ती पोटभर जेवते, आणि जेथे राजा व धर्मपीठ माजलेले तेथे ती उपाशी राहते.

येणेप्रमाणे स्थूलता ही स्वातंत्र्याची व समृद्धीची खूण ठरली. परंतु ती सर्वांच्या बाबतीत सारखी लागू होत नसे. जेम्स गिलरे या व्यंगचित्रकाराने १७९२ या एकाच वर्षी काढलेली दोन चित्रे शेजारी ठेवली म्हणजे हे ध्यानात येते. एकात फाटक्या वस्त्रांतला हडकुळा फ्रेंच मनुष्य नव्या क्रांतीचे गोडवे गात आहे, तर लठ्ठ इंग्रज भरल्या ताटावर बसून करांच्या नावाने खडे फोडीत आहे. दुसऱ्या चित्रात युवराज, म्हणजे पुढचा चौथा जॉर्ज, जेवणानंतर सुस्तावून दात कोरीत बसला आहे आणि त्याच्या आसपास थकलेली बिले पडली आहेत. पोट तेच, व्यापाऱ्याच्या अंगावर ते कष्टाचे फळ ठरले आणि राजपुत्राच्या अंगावर उधळपट्टीचा पुरावा.

या सुमारास लेस्टर येथे डॅनिअल लॅम्बर्ट नावाचा तुरुंगाधिकारी होऊन गेला. १८०६ साली तो लंडनला गेला व लोकांनी एक शिलिंग देऊन त्याची भेट घ्यावी अशी व्यवस्था त्याने केली. १८०९ साली वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी तो वारला, तेव्हा त्याचे वजन ५२ स्टोन ११ पौंड, म्हणजे सुमारे ३३५ किलो होते. आश्चर्य असे की त्याची टवाळी फारशी झाली नाही. नेपोलियनशी युद्ध चालू होते. व्यंगचित्रकारांनी लॅम्बर्टला इंग्लंडच्या बळाचे प्रतीक करून बोनापार्टच्या समोर उभे केले. बोनापार्ट मात्र त्याच चित्रकारांनी इतका ठेंगणा केला की आजही लोक त्याला बुटका समजतात. वास्तविक त्याची उंची सुमारे १६८ सेंटिमीटर, म्हणजे त्या काळच्या फ्रेंच पुरुषांत कमी नव्हे अशी होती.

मग हे चित्र पालटले केव्हा? त्याचा एक टप्पा निश्चित सांगता येतो. विल्यम बँटिंग हा लंडनमधील प्रतिष्ठित अंत्यविधी व्यवस्थापक. वाकून बुटाचे बंद बांधणे त्याला जमेना, जिना उतरावयाचा तर पाठमोरे उतरावे लागे. डॉ. विल्यम हार्वे यांच्या सल्ल्याने त्याने पाव, साखर, बटाटे, दूध, लोणी व बिअर वर्ज्य केली आणि सुमारे वर्षभरात २०२ पौंडांवरून ४६ पौंड वजन उतरविले. १८६३ साली स्वखर्चाने छापलेले त्याचे पत्र हातोहात पसरले. त्याच्या आडनावाचे क्रियापद झाले आणि स्वीडिश भाषेत 'बांटा' हा शब्द वजन उतरविण्यासाठी पथ्य करणे या अर्थाने आजही वापरात आहे. त्या पत्रात आजाराइतकेच दुःख रस्त्यातल्या टोमण्यांचे व हसण्याचे आहे. लॅम्बर्टच्या मृत्यूला पुरती साठ वर्षेही झाली नव्हती.

दरम्यान जॉन बुलच्या पोटाआड एक निराळेच सत्य दडून राहिले होते. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात सैन्यभरतीस आलेले कित्येक इंग्रज तरुण खुजे व दुर्बल असल्यामुळे परत पाठवावे लागले. त्यातून १९०४ साली शारीरिक ऱ्हासाविषयीच्या समितीचा अहवाल आला आणि १९०६ साली शाळेतील मुलांना जेवण देण्याचा कायदा झाला. चित्रातला इंग्रज ढेकर देत असताना कारखान्यांच्या वस्तीतला इंग्रज अर्धपोटी होता. राष्ट्राच्या ठोकळ प्रतिमेने केवळ परकीयांवर अन्याय होतो असे नाही, तो स्वकीयांवरही होतो.

नंतर शरीराचे मोजमाप आकडेमोडीकडे गेले. बेल्जियमचा ज्योतिर्विद केटले याने १८३० नंतरच्या दशकात वजनास उंचीच्या वर्गाने भागण्याचा हिशेब मांडला तो सरासरी माणसाचा अभ्यास म्हणून, रोग ठरविण्यासाठी नव्हे. १९४२-४३ मध्ये मेट्रोपॉलिटन या अमेरिकी विमा कंपनीने 'आदर्श' वजनांचे तक्ते काढले आणि १९७२ साली ॲन्सेल कीज यांनी केटलेच्या सूत्रास आजचे नाव दिले. १९५४ पर्यंत शिधापत्रिकेवर जेवलेल्या इंग्लंडात २०१९ साली २८ टक्के प्रौढ लठ्ठ होते, आणि तेही गरीब वस्त्यांत अधिक. तेथे पूर्वी गरीब कृश म्हणून हास्यास्पद ठरे, आता तो लठ्ठ म्हणून ठरतो.

हा इतिहास आमच्याशी सर्वस्वी असंबद्ध नाही. मेकॉलेने १८४१ साली वॉरन हेस्टिंग्जवरील निबंधात बंगाली माणसाची देहयष्टी दुबळी ठरवून त्यावरून त्याचे शीलही दुबळे ठरविले. इंग्रज मांसाहारामुळे बलवान व म्हणून राज्यकर्ता, ही समजूत कवी नर्मद यांच्या नावावरील एका पद्यातून गुजराती शाळकरी मुलांत कशी पसरली होती व तिच्यापायी आपण मांस कसे चाखून पाहिले, हे गांधीजींनी आत्मकथेत लिहून ठेवले आहे.

आमच्या परंपरेतही दोन सूर आहेत. चरकाने सूत्रस्थानात आठ निंदित देह सांगितले, त्यांत अतिस्थूल आहे तसाच अतिकृशही. आणि दोहोंत स्थूलाची चिकित्सा अधिक कठीण असे म्हटले. उलट आपल्या बोलीत 'खात्यापित्या घरचा', 'अंगाने भरला' हे कौतुकाचे शब्द. आणि दूरदेशी राहणाऱ्या मुलाला सुटीत घरी गेल्यावर आईचे पहिले वाक्य 'किती रे वाळलास!' हेच असावयाचे. दुष्काळ व साथी पाहिलेल्या समाजाची ती माया होय.

परंतु ह्या मायेला आता नवे ज्ञान जोडावयास हवे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासह २००४ साली स्वतःच्याच शरीरांचे उदाहरण मांडले. दोघांचा केटले-निर्देशांक अगदी सारखा, २२.३, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! पुण्याजवळच्या खेड्यांतील बालकांच्या अभ्यासातही जन्मतः वजन कमी पण चरबी त्यामानाने जास्त असे आढळले. भारतीय मनुष्य दिसावयास सडसडीत असूनही मधुमेहाच्या वाटेवर असू शकतो. म्हणूनच आशियाई लोकांसाठी २३ या आकड्यापासूनच सावध राहावे, असे तज्ज्ञ सांगतात.

तात्पर्य, डोळ्यांना दिसणारा आकार हा आरोग्याचा अपुरा साक्षीदार आहे, आणि स्वभावाचा तर साक्षीदारच नव्हे. मंडळाच्या गणेशोत्सवात लंबोदराची आरती करावयाची आणि पंगतीत एखाद्या मुलाला 'जाड्या' किंवा 'काडी पैलवान' म्हणून हाका मारावयाच्या, ही विसंगती आपण सोडावी. शाळेत 'मराठी' म्हणून एक शिक्का आपल्या मुलांच्या कपाळी बसतच असतो. घरच्यांनी आणखी एक मारू नये. गेली पन्नास वर्षे या मंडळात वर्षातून चार वेळा आपण एकत्र जेवलो. पुढील वर्षांत पंगतीबरोबर रक्तशर्करेची तपासणीही ठेवावी, आणि ती जाडांप्रमाणेच सडपातळांनीही करून घ्यावी, अशी आमची कार्यकारिणीस नम्र सूचना आहे.