गळणाऱ्या केसांचा माग

बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात डिसेंबर २०२४ च्या अखेरीस एक विलक्षण प्रकार सुरू झाला. आधी डोक्याला खाज, मग केस राठ होणे आणि तीन-चार दिवसांत नुसता हात फिरवला तरी केसांचा पुंजका हाती येणे. जानेवारी २०२५ पर्यंत १८ गावांतील २७९ जणांचे केस गळाल्याची नोंद झाली. त्यांत बायका होत्या, शाळा-कॉलेजांतील मुलेमुली होती. कोणी शाम्पूला दोष दिला, कोणी बुरशीला. हा भाग खारपाणपट्ट्यातला, म्हणून पाण्यावर संशय गेला. दरम्यान मुलांना वर्गात जाणे नकोसे झाले, ठरत आलेली लग्ने अडली. साथ लागेल या भीतीने लोक या गावांपासून चार हात दूर राहू लागले.

केस गळण्याचे कारण शोधायचे तर आधी केस वाढतो कसा, हे पाहायला हवे. १९२६ साली एफ. डब्ल्यू. ड्राय या संशोधकाने उंदराच्या केसांचा अभ्यास करून केसाच्या आयुष्याचे तीन टप्पे मांडले. ते आपल्यालाही लागू पडतात. पहिला टप्पा वाढीचा. डोक्यावरचा केस साधारण दोन ते सहा वर्षे वाढत राहतो, महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर. दुसरा टप्पा दोन-तीन आठवड्यांचा. त्यात केसाचे मूळ आकसते. तिसरा विश्रांतीचा, सुमारे तीन महिन्यांचा. त्यानंतर जुना केस गळतो व त्याच जागी नवा येतो. आपल्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. त्यांचे हे टप्पे एकाच वेळी येत नाहीत, म्हणून रोज पन्नास-शंभर केस गळूनही आपल्याला टक्कल पडत नाही.

यावरून एक उपयोगी खूण मिळते. विषमज्वरासारखा मोठा ताप आला की वाढीतले पुष्कळ केस एकदमच विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६१ साली हा प्रकार उलगडून दाखवला. तोवर ताप विसरलाही गेलेला असतो आणि दोष नव्या तेलाला मिळतो! पण केस चार-आठ दिवसांतच गळू लागले, तर घाला वाढत्या मुळावरच पडला असे समजावे. एरवी दहातले आठ-नऊ केस वाढीतच असतात. म्हणून असे टक्कल झपाट्याने पडते. कर्करोगावरची काही औषधे असे करतात, आणि काही विषेही.

अशा एका विषाचा माग काढत आपल्याला दीडशेहून अधिक वर्षे मागे जावे लागेल. अमेरिकेत मिसुरी नदीकाठी फोर्ट रँडल नावाची लष्करी छावणी होती. तेथे १८५६ साली घोड्यांच्या आयाळीचे व शेपटीचे केस झडू लागले, खूर सुटून येऊ लागले. छावणीचे डॉक्टर मॅडिसन यांनी त्याची नोंद केली. ती १८६० साली छापली गेली. पुढे त्या मुलखात वसलेल्या शेतकऱ्यांनी हेच आपल्या गुरांत पाहिले. तेथले पाणी खारे होते. म्हणून त्यांनी रोगाला ‘अल्कली रोग’ असे नाव दिले आणि दोष पाण्यावर टाकला.

पाणी निर्दोष होते. १९३० च्या दशकाच्या आरंभी साउथ डाकोटातील कर्ट फ्रँके यांनी त्या भागातले धान्य प्राण्यांना खाऊ घालून विष धान्यात आहे हे दाखवले. ते विष म्हणजे सेलेनियम. तेथील जमिनीतून ते पिकात उतरत होते.

सेलेनियम हे गंधकाच्या कुळातले मूलद्रव्य. बर्झेलियस यांनी ते १८१७ साली शोधले. केस, नखे आणि खूर हे सारे केराटिन या प्रथिनाचे बनलेले, आणि केराटिनात गंधक भरपूर. गंधकाच्या जागी सेलेनियम शिरते, म्हणूनच घाला नेमका येथे पडतो, असे मानले जाते. गंमत अशी की हेच सेलेनियम आपल्याला लागतेही. मात्र प्रौढ माणसाला दिवसाला केवळ ५५ मायक्रोग्रॅम.

चीनमधील एन्शी भागात १९६१ ते १९६४ या काळात माणसांचे केस आणि नखे गळाली. सर्वाधिक बाधित पाच गावांत जवळजवळ निम्मे लोक आजारी पडले. यांग ग्वांगची व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली त्याचा उलगडा प्रसिद्ध केला. तेथील दगडी कोळशात सेलेनियम अतोनात होते. ते झिजून मातीत आले, मातीतून मका व भाजीपाल्यात. अवर्षणाने भात बुडाला आणि लोकांना तेच जास्त खावे लागले. पोटात रोज सुमारे पाच मिलिग्रॅम सेलेनियम जात होते, म्हणजे गरजेच्या नव्वद पट!

आता पुन्हा शेगावकडे येऊ. विंचूदंशावरील संशोधनामुळे प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तेथील रुग्णांचे रक्त, लघवी व केस तपासून घेतले. त्यांत सेलेनियम कितीतरी पट जास्त आणि जस्त कमी आढळले. रेशनवर आलेल्या, पंजाबकडच्या गव्हात स्थानिक गव्हाच्या ६०० पट सेलेनियम असल्याचे त्यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितले. पंजाबात नवांशहर व होशियारपूर या जिल्ह्यांतील काही जमिनींत सेलेनियम जास्त आहे, हे लुधियानाच्या कृषी विद्यापीठाने पूर्वीच नोंदवले होते. अर्थात थोड्या नमुन्यांवरून प्रत्येक रुग्णाचे कारण सिद्ध होत नाही. धान्याचा प्रवास शेतापासून ताटापर्यंत तपासावा लागतो. पण फोर्ट रँडल व एन्शीचा इतिहास माहीत असता, तर पाण्याबरोबर पहिल्याच दिवशी पिठाचा डबाही तपासायला घेतला असता.

शिक्षकांसाठी दोन गोष्टी. वर्गात एखादा गळालेला लांब केस मोजायला द्या. तो ३६ सेंटिमीटर भरला तर त्याचे टोक तीन वर्षांपूर्वीचे! शरीराने त्या काळात काय खाल्ले, याची नोंद त्यात असते. म्हणून तर प्रयोगशाळेत केस तपासतात. आणि दुसरी: वर्गातल्या मुलाचे केस गळाले, तर त्याला डॉक्टरांकडे पाठवा, पण बाकापासून दूर बसवू नका. मुळे शाबूत असली की बहुधा केस पुन्हा येतात, आणि धान्यातले विष शेजारी बसल्याने लागत नाही.