तराजू एक, वजनं दोन



विषय नाजूक आहे, म्हणून सुरुवात घरापासूनच करतो. महात्मा जोतीराव फुले यांचं पहिलं चरित्र कुठून प्रसिद्ध झालं, असं विचारलं की बहुतेक जण पटकन 'पुणे' म्हणतात. ते निघालं आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखलीहून, १९२७ साली. लेखक पंढरीनाथ सीताराम पाटील. जोतीराव वारले २८ नोव्हेंबर १८९० रोजी. म्हणजे मधे जवळपास सदतीस वर्षं गेली. एवढा उशीर का झाला, याची कारणं पुष्कळ सांगता येतील. मला त्यातलं एकच आज घ्यायचं आहे. 'फुल्यांची भाषा शिवराळ आहे', हा शिक्का त्यांच्यावर फार लवकर बसला, आणि एकदा शिक्का बसला की आतलं पत्र कोणी उघडत नाही.

धर्माबद्दल बोलणारी माणसं कडू बोलतात, ही काही नवी गोष्ट नाही. आज मोबाईलवर एखाद्या महाराजांची, मौलानांची, कुठल्याही धर्मगुरूची दोन मिनिटांची क्लिप येते. आपण आधी काय विचारतो? 'काय म्हणाला?' असं नाही विचारत. 'कोणाचा आहे?' असं विचारतो. आपला असला तर तो 'स्पष्टवक्ता', दुसऱ्याचा असला तर 'त्याला आत टाका'. तराजू एकच, पण वजनं दोन. हा रोग आजचा नाही, एवढंच मला इतिहासातून दाखवायचं आहे.

१८७३ हे वर्ष बघा. त्या वर्षी जोतीरावांची 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाली. गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना त्यांनी ती अर्पण केली होती. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज निघाला. आणि त्याच वर्षी मुंबईत तुकोबांच्या गाथेचा दुसरा खंड छापून झाला. पहिला १८६९ चा. ही आवृत्ती सरकारी मदतीने निघाली, शंकर पांडुरंग पंडितांसारख्या विद्वानांनी ती सिद्ध केली. आता ज्यांनी गाथा खरोखर वाचली आहे, नुसती पूजेत ठेवलेली नाही, त्यांना ठाऊक आहे की ढोंगी बुवा, पोटभरू पंडित, अंगात आणणारे यांच्यावर तुकोबा तुटून पडतात तेव्हा कसले कसले शब्द वापरतात. काही अभंग शाळेत शिकवता यायचे नाहीत. पण तिथे आपण म्हणतो, ही संतांची तळमळ. आणि त्याच वर्षी, त्याच मराठीत, ढोंगावरच तुटून पडलेल्या माळ्याच्या पोराला म्हणतो, याला बोलायची रीत नाही.

पुढच्याच वर्षी, १८७४ मध्ये, विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' सुरू झाली. शास्त्रीबुवांची मराठी घडीव, धारदार. ती वाचूनच आमच्या पिढीला गद्य म्हणजे काय ते कळलं, हे मी नाकारणार नाही. पण जोतीरावांचा समाचार घेताना त्यांनी काय केलं? व्याकरणाच्या चुका काढल्या, विद्वत्तेची टर उडवली. हा उपहास काही सौम्य नव्हता. त्यातला डंख फुल्यांच्या डंखाहून कमी नव्हता. फरक एवढाच की तो शुद्ध भाषेत होता. शुद्ध भाषेतल्या अपमानाला आपण 'बाणेदार शैली' म्हणतो आणि अशुद्ध भाषेतल्या संतापाला शिवी म्हणतो. हे न्यायाने बघायचं, तर हेही सांगितलं पाहिजे की शास्त्रीबुवांनी लोकहितवादींनाही सोडलं नाही, आणि लोकहितवादी तर ब्राह्मणच होते. म्हणून सगळं जातीवर ढकलून मोकळं होता येत नाही.

१८७५ साली स्वामी दयानंद पुण्यात आले. रानड्यांच्या मंडळींनी त्यांची मिरवणूक काढली. त्यावर धर्मरक्षक म्हणवणाऱ्यांनी काय केलं? गाढव सजवून 'गर्दभानंदा'ची मिरवणूक काढली, चिखलफेक केली. धर्माचं रक्षण गाढवाच्या पाठीवरून! आता दुसरी बाजू. ज्यांचा असा अपमान झाला त्या दयानंदांच्या 'सत्यार्थप्रकाशा'त इतर पंथांवर आणि धर्मांवर जी टीका आहे ती काही कमी झोंबणारी नाही. ज्याला लागतं तोही लावतोच. आणि यात जोतीराव कुठे होते? वेदांचं प्रामाण्य त्यांना बिलकुल मान्य नव्हतं. तरी दयानंदांच्या मिरवणुकीला संरक्षण द्यायला ते आपली माणसं घेऊन गेले. मत पटलं नाही तरी माणसाला बोलू दिलं पाहिजे, हे त्यांनी रस्त्यावर उभं राहून दाखवलं.

आता आपल्या बाजूचाही हिशेब मांडू, नाहीतर हे व्याख्यानच दोन वजनांचं होईल. १९२५ साली पुण्यात फुल्यांच्या पुतळ्याचा ठराव केशवराव जेध्यांनी आणला आणि मोठं वादळ उठलं. फुल्यांची बदनामी करणारं लिखाण निघालं. उत्तरादाखल दिनकरराव जवळकरांचं 'देशाचे दुश्मन' आलं. दुश्मन कोण, तर चिपळूणकर आणि टिळक. भाषा अशी की खटला झाला आणि खालच्या कोर्टात शिक्षाही झाली. १९२६ मध्ये अपिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले आणि आरोपी सुटले. पण कोर्टातून सुटका झाली म्हणजे भाषा योग्य ठरली, असं होत नाही. खुद्द जोतीरावांच्या लिखाणातही अशा जागा आहेत जिथे वर्तनावरची टीका सरकत सरकत अख्ख्या जातीच्या जन्मावर जाते. मी त्यांना मानतो, म्हणूनच हे म्हणतो. वर्तन सुधारता येतं, जन्म सुधारता येत नाही. जन्मावर बोट ठेवलं की समोरच्याला सुधारायला जागाच उरत नाही.

मग कडू बोलणाऱ्याला तोलायचं कसं? वर्गात मी एक साधा प्रयोग करायचो. एखादं कडक वाक्य नाव न सांगता वाचायचं आणि मुलांचं मत घ्यायचं. मग नाव सांगायचं. निम्मा वर्ग मत बदलायचा. ज्यांनी बदललं त्यांना मी एवढंच विचारायचो : वाक्य बदललं का? पहिली कसोटी ही. दुसरी, बोलणारा वरून खाली मारतो आहे की खालून वर ओरडतो आहे? मालकाची शिवी आणि मजुराची शिवी व्याकरणात सारखी असेल, नीतीत नसते. तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी : तोंडाने बोलतो ते ठीक, पण हाताने काय करतो?

या तिसऱ्या कसोटीवर जोतीरावांना बघा. ब्राह्मणशाहीवर आगपाखड करणाऱ्या या माणसाने १८६३ साली फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं आणि पुढे अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, दत्तक घेतला. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर मानहानीच्या खटल्यात अडकले. चिपळूणकरांचे हे तरुण साथीदार. त्यांच्यासाठी दहा हजारांचा जामीन भरला रामशेठ उरवणे यांनी, आणि तो मिळवून दिला जोतीरावांनी. शब्दाच्या अपराधासाठी विरोधी गोटातली माणसं तुरुंगाच्या दारात उभी असताना, ज्याच्या शब्दांची त्या गोटाने टर उडवली तो माणूस मदतीला धावला. याला म्हणतात एकच वजन.

शेवटी पुन्हा १९२७ कडे येतो. त्या वर्षी दोन गोष्टी झाल्या. लाहोरच्या एका पुस्तकावरून देश पेटला आणि सरकारने दंडविधानात २९५-अ हे कलम घातलं : धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावल्या तर शिक्षा. आज तेच नव्या न्याय संहितेत २९९ झालं आहे. आणि त्याच वर्षी चिखलीतून एक चरित्र निघालं. ज्याला शिवराळ म्हणून बाजूला टाकलं होतं, त्याने जन्मभर काय केलं ते पाटलांनी लोकांपुढे ठेवलं. कलमाची गरज असेलही. मी कायद्याचा माणूस नाही. पण गेली शंभर वर्षं आपण कलम तेवढं पाठ केलं आणि चरित्र वाचायचं विसरलो.

घरी गेल्यावर पुढची क्लिप येईलच. ती पुढे पाठवण्याआधी त्यातलं नाव मनातल्या मनात बदलून बघा. मत तेच राहिलं तर खुशाल बोला. बदललं, तर आधी आपला तराजू तपासा.

एवढं बोलून थांबतो.